सीतेची वेणी कुंडीत राहत नाही

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

आज ज्या फुलझाडाविषयी बोलणार आहे, ते पहिल्यांदा माझ्या हातून मेले. सुरुवात तिथूनच केलेली बरी.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातून पुण्याला परत येताना घाटात एका वळणावर एक माणूस टोपली घेऊन बसला होता. टोपलीत जाड, लांबट पानांची पाचसहा रोपे आणि त्यांतल्या एकाला हातभर लांबीचा, पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लोंबता घोस. "सीतेची वेणी आहे बाई, घरी लावा, दरवर्षी फुलेल," तो म्हणाला. मी एक रोप घेतले. घरी आल्यावर चांगल्यातली मातीची कुंडी काढली, पोयटा आणला, मुरलेले शेणखत घातले, मुळ्या नीट मातीखाली दाबल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. तीन आठवड्यांनी पाने पिवळी पडू लागली. मला वाटले, तहानले असेल. म्हणून पाणी वाढवले. गणपतीच्या सुमारास पान ओढून पाहिले तर मधला गाभाच हातात आला. काळा पडलेला, कुजका वास येत असलेला.

त्या रोपाला मी मारले ते हलगर्जीपणाने नव्हे, कौतुकाने. आणि ही चूक माझ्या एकटीची नाही. या विषयावर कुठेही बोलले की हमखास कुणीतरी भेटते, ज्याने हेच केलेले असते. गुलाब, जास्वंद, मोगरा यांच्याशी वागण्याची सवय आपल्या हाताला असते. सीतेच्या वेणीशी तसे वागून चालत नाही, कारण ती जमिनीवरची वनस्पतीच नाही.

ही एक ऑर्किड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. नावाचा पहिला भाग फुलातल्या चोचीसारख्या दांड्यावरून आला आहे, आणि दुसरा पानावरून. ही वनस्पती फुलावर नसताना ओळखायची असेल तर पानाचे टोक पाहावे. पान पट्ट्यासारखे, मध्ये घडी पडलेले, चामड्यासारखे चिवट आणि टोकाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच. रेटुसा म्हणजे तेच, खाचेच्या टोकाची. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आणि पूर्वेला म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, फिलिपाइन्सपर्यंत हिचा संचार आहे. आपल्याकडे सह्याद्रीत, कोकणात, गोव्यात आंबा, फणस, ऐन, जांभूळ अशा झाडांवर ती दिसते. फुलते मे-जूनमध्ये, म्हणजे वळवाचा पाऊस पडून जातो आणि मृगाची वाट बघणे चालू असते त्या दिवसांत. एका दांड्यावर शंभरच्या वर फुले असू शकतात. प्रत्येक फूल पांढरे, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके आणि मधली पाकळी गडद. सगळा घोस खाली लोंबतो, म्हणून वेणी. कन्नड मुलखात तिला सीताळे दंडे म्हणतात, आसामात कोपौ फूल. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचे हे राज्यपुष्प आहे. तिकडे एप्रिलच्या मध्यावर बोहाग बिहूच्या नाचात मुली अंबाड्यात हेच फूल माळतात. सीतेच्या नावाने असो की बिहूच्या निमित्ताने, या फुलाचा घोस पाहून दोन टोकांच्या माणसांना केसच आठवले, याची मला गंमत वाटते.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे झाडावर उगवलेल्या कोणत्याही परक्या हिरव्या गोष्टीला लोक बांडगूळ म्हणतात आणि कोयता काढतात. खरे बांडगूळ वेगळे. त्याचे चिकट बी पक्षी फांदीवर पुसतात, ते रुजते, फांदीची साल भेदून आत घुसते आणि झाडाच्या आतले पाणी आणि क्षार ओढून घेते. आंब्याच्या बागायतदाराने ते काढलेच पाहिजे. सीतेची वेणी असले काही करत नाही. ती झाडावर बसते, एवढेच. आपण बसमध्ये बसतो म्हणून बसचे डिझेल पीत नाही, तसे. तिच्या मुळ्या सालीला धरून ठेवतात, आत जात नाहीत. झाडाकडून तिला मिळते ती उंची, उजेड, वारा आणि सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातले थोडे क्षार.

मग ती जगते कशी? तिच्या मुळ्या पाहा. बोटाएवढ्या जाड, रुपेरी पांढऱ्या आणि कित्येक तर हवेतच लोंबणाऱ्या. त्या रुपेरी रंगाचे कारण असे की मुळीभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचा स्पंजासारखा थर असतो. त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हा थर काही क्षणांत पाणी टिपून घेतो आणि मग आतली मुळी ते सावकाश घेत राहते. थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. म्हणून सुकी मुळी पांढरी आणि ओली मुळी हिरवी. हे एवढे लक्षात ठेवलेत तरी अर्धे काम झाले. पण त्या थराला पाण्याइतकीच हवाही लागते. सर पडावी, वारा सुटावा, मुळी सुकावी, पुन्हा सर पडावी, अशी ही रचना आहे. तिला ओल्या मातीत पुरणे म्हणजे माणसाच्या तोंडावर ओली उशी दाबून धरण्यासारखे. माझ्या कुंडीत नेमके तेच झाले होते.

या वनस्पतीचे माणसाशी असलेले नातेही जुने आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच अमलात हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड या अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा मोठा ग्रंथ करवून घेतला. होर्टस मलाबारिकस हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात हिचे नाव अंजेली मरवर असे आहे. अंजेली म्हणजे आपल्या रानफणसाचे तिकडचे नाव. ज्या झाडावर बसते त्याचे नाव तिच्या नावात घालून तिकडच्या जाणत्यांनी अर्धी माहिती तिथेच देऊन टाकली होती. पुढे १७५३ मध्ये लिनियसने याच नोंदीवरून हिला शास्त्रीय नाव दिले. इतके जुने ज्ञान हाताशी असूनही मी कुंडी आणायला धावले, हे सांगताना अजून थोडे ओशाळायला होते.

पहिल्या रोपानंतर बरीच वर्षे मी नाद सोडला होता. मग एका रोपवाटिकेतून, बियांपासून तयार केलेले रोप मिळाले आणि ते मात्र जगले. त्याच्यापासून जे शिकले त्याची परीक्षा झाली २०२० साली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. माझे आजोळ श्रीवर्धन तालुक्यात. वीज गेली, फोन बंद, आणि करोनामुळे जिल्ह्याबाहेर जायचे तर पास हवा. आठ-दहा दिवसांनी मामेभावाचा फोन लागला. माणसे सुखरूप होती. घराची कौले उडाली होती आणि परसातले, विहिरीकडचे जुने आंबे मुळासकट आडवे झाले होते. बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, तुझ्या त्या वेण्या फांद्यांबरोबर खाली आल्यात. फुललेल्या आहेत गं. उद्या लाकूडतोडे येणार, मग सगळे जळणात जाईल. काय करू?"

मी इथे, तो तिथे, मध्ये दोन घाट. जे सांगायचे ते फोनवरच. मी म्हटले, पहिली गोष्ट, ओढून काढू नकोस. मुळ्या सालीला इतक्या घट्ट असतात की ओढल्या की त्यांचे कवच सोलले जाते आणि त्या मरतात. जिथे जमेल तिथे रोपाच्या अलीकडे-पलीकडे करवत लाव आणि फांदीचा तुकडाच काढ. तो तुकडा तसाच दुसऱ्या उभ्या झाडाला बांधायचा. जी रोपे आधीच सुटली असतील त्यांच्या चेंगरलेल्या मुळ्या स्वच्छ पात्याने काप, दोन दिवस पडवीत सावलीला ठेव म्हणजे जखमा सुकतील, मग बांध.

"कशाने बांधू? तार आहे घरात."

तांब्याची तार अजिबात नको, तांबे या मुळ्यांना बाधते. आईचे जुने सुती लुगडे असेल तर त्याच्या पट्ट्या फाड. सुती कापड वर्ष-दीड वर्षात कुजून पडते आणि तोपर्यंत नव्या मुळ्यांनी झाड धरलेले असते. पण बांधताना हयगय नको, वाऱ्याने रोप हलत राहिले तर कोवळी मुळी सालीवर घासते आणि धरतच नाही. गाभा आभाळाकडे ठेवू नकोस. रोप जरा कलते, बाजूला तोंड करून बांध, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साठणार नाही. झाड निवडताना खडबडीत सालीचे निवड, फणस किंवा ऐन. पेरूची साल सुटते, ती नको. पश्चिमेचे ऊन थेट लागेल अशी बाजू नको. आणि कृपा करून वर माती, शेण काही लिंपू नकोस.

"आणि फुले?"

कापून टाक, मी म्हटले. रोपाला आत्ता मुळ्या करायच्या आहेत, फुले पोसण्याची ताकद त्याच्यात नाही.

पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, "आई ऐकणार नाही. ती म्हणते, या वेण्या देवाला जातील." मी म्हटले, मामीला सांग, देवालाच वाहा, फक्त आज कापा.

लहान-मोठी मिळून सतरा रोपे त्याने बांधली. त्या काळात घरावर ताडपत्री घालण्याआधी हा उद्योग केल्याबद्दल शेजारी त्याला काय म्हणाले असतील, ते मी विचारले नाही.

जून हा बांधणीला उत्तम महिना आहे, हे मात्र खरे. वादळाने निदान वेळ बरी साधली होती. मुळ्यांची टोके हिरवी, ओलसर दिसू लागली म्हणजे वाढ सुरू झाली; तेव्हाच रोप हलवावे. हिवाळ्यात हलवलेले रोप पुढचे कित्येक महिने नुसते बसून राहते.

आता ज्यांना परस नाही, फक्त गॅलरी आहे, त्यांच्यासाठी. सागाच्या पट्ट्यांची टोपली किंवा आंब्याचे हातभर ओंडके घ्यावे. टोपलीत कोळशाचे आणि विटेचे अंगठ्याएवढे तुकडे घालावे, तेही अर्धेच. नारळाचे सोडण पुष्कळजण वापरतात, पण ते पाणी फार धरते आणि आपल्या पावसाळ्यात कुजते. मला ते पटत नाही. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. दक्षिण-पश्चिमेची असेल तर अर्धे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. उजेड पुरेसा आहे की नाही हे पानच सांगते. पान गर्द हिरवे, लांब आणि मऊ झाले तर उजेड कमी. असे रोप दिसायला झकास दिसते आणि फुलत नाही. पान किंचित पिवळसर हिरवे आणि ताठ हवे. लालसर झाकळू लागले तर ऊन जास्त.

पाण्याबाबत मी घड्याळ लावत नाही, मुळीकडे बघते. पांढरी झाली की सकाळी भरपूर पाणी, सगळी मुळी हिरवी होईपर्यंत. आणि मग ती पुन्हा पांढरी होईपर्यंत थांबायचे. मुंबईच्या दमट हवेत उन्हाळ्यात एकदा पुरते, पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही द्यावे लागते. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर आपण काही करायचे नाही. रात्री गाभ्यात पाणी राहू देऊ नये, माझे पहिले रोप मेले तसा कुजवा तिथूनच सुरू होतो. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरावे. बोअरच्या जड पाण्याने मुळ्यांवर पांढरी खापरे चढतात.

खत द्यायचे ते वाढीच्या दिवसांत, जून ते ऑक्टोबर. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅमच्या आसपास, आठवड्यातून एकदा, मुळ्या आधी साध्या पाण्याने भिजवून. जंगलात हिला सालीवरून येणाऱ्या पाण्यातून जे मिळते ते अगदी विरळ असते, हे विसरू नये. शेणखताच्या माझ्या कुंडीची आठवण ठेवावी. शेंड्याच्या कोवळ्या मुळ्या गोगलगायी रात्रीतून कुरतडतात. त्या बॅटरी घेऊन वेचाव्या, यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. पानामागे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या दात घासायच्या ब्रशने पुसून काढावा.

आणि नोव्हेंबरपासून हात आखडावा. हे लोकांना सर्वांत जड जाते. थंडीच्या दिवसांत खत बंद, पाणी निम्म्यावर. पाने थोडी सुरकुतली तरी घाबरू नये. सह्याद्रीत या दिवसांत पाऊस नसतो, रात्री गार असतात, दव तेवढे पडते. या कोरड्या विश्रांतीनंतरच फेब्रुवारी-मार्चमध्ये पानाच्या बगलेतून फुलाचा दांडा निघतो. बारा महिने सारखे लाड झालेले रोप पाने काढत बसते. एकदा दांडा निघाला की टोपली फिरवू नये, नाही तर वेणी वाकडीतिकडी होते.

एक प्रश्न हमखास येतो, बियांपासून का करू नये? करून बघा, काहीही उगवणार नाही. फूल फळले तर त्याचे बोंड तयार होते आणि त्यात धुळीसारख्या अगणित बिया असतात. वाऱ्यावर दूर जाता यावे म्हणून बीमध्ये अन्नाचा साठाच ठेवलेला नाही. सालीवर योग्य बुरशी भेटली तर तिच्याकडून अन्न घेऊन ते बी रुजते, नाही तर संपते. बुरशीचे हे गुपित १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने उकलले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत ल्यूइस नड्सन यांनी बुरशीशिवाय, नुसत्या साखर-क्षारांच्या आगरावर, बाटलीत बी रुजवून दाखवले. आज रोपवाटिकांत मिळणारी रोपे त्याच वाटेने येतात. बाटलीतून निघालेल्या नखाएवढ्या रोपाला फुलायला चार-पाच वर्षे किंवा जास्तही लागतात.

म्हणूनच घाटातल्या त्या टोपलीची आठवण मला टोचते. त्यातले एकेक रोप झाडावर किती वर्षे बसून मोठे झाले असेल! जंगलात बी रुजण्याचा योग इतका दुर्मीळ, आणि मी त्याला तीन महिन्यांत कुजवले. जवळजवळ अख्खे ऑर्किड कुल आज साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेश-व्यापारावर त्यामुळे बंधने आहेत, पण घाटातल्या वळणावर हा करार कुणी वाचत नाही. तिथे गिऱ्हाईक आहे की नाही एवढेच पाहिले जाते. फूल तोडल्याने वेणीचे रोप मरत नाही, रोप उपटल्याने मरते. विकत घेताना मी आता मुळ्या बघते. मुळ्यांना झाडाच्या सालीचे तुकडे, शेवाळ चिकटलेले असेल, मुळ्या तुटलेल्या असतील, पानांवर जुने डाग आणि कीडखाल्ल्या खुणा असतील, तर ते जंगलातले. ते घेत नाही, कितीही वाईट वाटले तरी. एकसारख्या आकाराची, छोट्या जाळीदार कुंडीत वाढलेली, अखंड मुळ्यांची रोपे रोपवाटिकेची.

मामेभावाच्या सतरांपैकी अकरा जगली. फांदीच्या तुकड्यासकट बांधलेले एकही मेले नाही. गेली ती सगळी सुटी झालेली. २०२१ मध्ये एकही फुलले नाही आणि मामीने मला फोनवर दोनदा ऐकवले. २०२२ मध्ये दोन वेण्या आल्या. मे २०२३ मध्ये मी स्वतः गेले तेव्हा विहिरीजवळच्या फणसावर सात मोजल्या. लुगड्याच्या पट्ट्या गळून गेल्या होत्या. एका ठिकाणी किनारीचा थोडा जांभळा धागा मुळीखाली अडकून राहिला होता.

बाजूच्या ऐनावर, जिथे आम्ही काहीच बांधले नव्हते, तिथे सालीच्या भेगेत चिमुकली दोन पाने आणि एक पांढरी मुळी दिसली. टोकाला खाच होती की नाही, इतक्या लहान पानावर सांगता येत नाही. मामेभावाने खाली खोडावर चुन्याचे बोट ओढून ठेवले आहे, म्हणजे आंब्याची बांडगुळे काढायला गडी येतील तेव्हा त्या ऐनाला कोयता लावणार नाहीत.